फुलपाड्याचं पाणी कुणी तोडलं?

चोरी झालीच नव्हती, पण चोर मात्र सगळ्यांना ठाऊक होता, असं प्रकरण माझ्या नोकरीत एकदाच आलं. ते अजून डोक्यातून जात नाही. नावं देत नाही, ती माणसं आजही इथेच राहतात.

दोन हजार सालानंतरचा एक उन्हाळा. विरार पूर्वेला नळाच्या पाण्याचा भरवसा नव्हता. सोसायट्या फोन करून खासगी टँकर मागवायच्या. मी तेव्हा तिथे पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला : टँकरच्या ऑफिसातली नवी मुलगी यादीतून फुलपाडा भागातल्या गिऱ्हाइकांची नावं गाळते आणि ते पाणी तुळिंज भागातल्या ओळखीच्यांना देते. निनावी फोन करणाऱ्याला सगळं माहीत असतं, स्वतःचं नाव सोडून. तरी मी निघालो.

ऑफिससमोर फुलपाड्याच्या बायका रिकाम्या कळशा घेऊन उभ्या होत्या. पुढे असलेल्या बाई ओरडत होत्या, "चार दिवस फोनवर 'लिहून घेतलंय' सांगते, आणि टँकरचा पत्ता नाही! आत टाका हिला, साहेब."

टँकरचा मालकही त्यांच्याच बाजूने बोलत होता. "कॉम्प्युटरमध्ये नावच नाय साहेब. मशीन कशाला खोटं बोलेल?"

गर्दी हाताबाहेर जाण्याआधी महिला शिपाई बरोबर देऊन मी मुलीला जीपमधून ठाण्यात आणलं. ती चिंचोटीकडच्या भातशेतीवाल्या घरातली. घरातली पहिलीच नोकरी. मागोमाग तिचे वडील आले आणि पायरीवरच बसून राहिले.

"पोरीला घरी नेतो साहेब," ते म्हणाले. "नोकरी नको नि ही बदनामी नको."

मुलगी रडत होती, पण जबाब बदलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्यांदा सांगताना काहीतरी सुधारून सांगतो. हिने तिन्ही वेळा तेच सांगितलं. "मी नावं टाकते साहेब. सकाळी बघते तर नसतात. परत टाकते. कुनाचं पानी तोडून मला काय मिलनार?"

मी ऑफिसातल्या जुन्या कारकुनाला बोलावलं. तुळिंजचे फोन तो घ्यायचा, फुलपाड्याचे ती. टँकरची यादी मालकाच्या कॉम्प्युटरवर एका फाईलमध्ये असायची आणि वायरने जोडलेल्या आपापल्या मशीनवरून दोघं ती उघडायचे. कारकून म्हणाला, "मुलगी चांगली आहे साहेब, पण नावं दिसत नाहीत हे खरं." त्याच्याही बोलण्यात खोट दिसेना. दोघंही खरं बोलत असतील तर माणसांना विचारून काही उपयोग नव्हता. त्यांचं काम बघायला हवं होतं.

दुपारी मी सगळ्यांना ऑफिसात नेलं. ओरडणाऱ्या बाईंनाही आत बसवलं. दोघांना सांगितलं, "रोज करता तसंच करा. बोलायचं नाही." मी दोघांना एकेक खोटं नाव टाकायला दिलं.

दोघांनी आधी ती फाईल मालकाच्या मशीनवरून आपापल्या मशीनवर उतरवून घेतली. का? तर तिथूनच चालवली की फार रखडते, म्हणून त्याच आठवड्यात कारकुनाने ही युक्ती काढली होती. नाव टाकून मुलीने आपली फाईल परत मालकाच्या मशीनवर ठेवली आणि बाहेर गेली, कारण रोज गावची एसटी गाठायला तीच आधी निघायची. मग कारकुनाने आपली फाईल ठेवली. मुलीला आला होता तसाच पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. त्याने न वाचताच होकाराचं बटण दाबलं.

"काय विचारलं त्याने?" मी म्हणालो.

"रोजच विचारतो साहेब. आपण यस म्हणायचं."

मशीन विचारत होतं, इथे आधीच एक फाईल आहे, ती काढून तुमची ठेवू का? यादी उघडली. मुलीचं नाव गायब! उलट क्रमाने करून बघितलं, तर कारकुनाचं नाव गायब. जो शेवटी ठेवेल त्याचीच फाईल उरत होती.

कारकून म्हणाला, "म्हणजे रोज मीच पुसत होतो?" मला त्याचीही दया आली. गुन्हा कुणाचाच नव्हता.

स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासचे सर येऊन व्यवस्था लावून गेले. यादी मालकाच्या मशीनवरच राहील, उतरवून घ्यायची नाही. दोघांनी आपापल्या पडद्यावरून थेट तिच्यातच लिहायचं. एकाने एखादी नोंद उघडली की ती लिहून होईपर्यंत दुसरा फक्त त्या नोंदीपुरता थांबेल. फुलपाड्याला त्याच दिवशी टँकर सुटला.

मी खूश होतो. मुलीला म्हटलं, "झालं, आता निर्धास्त घरी जा."

ती हलली नाही. "साहेब, जीपमधून आनताना सगल्यांनी बघितलं. सुटले ते कोन बघनार?"

मी जीप काढली. तिला पुढे बसवलं, वडिलांना मागे, आणि टँकरच्या पाठोपाठ फुलपाड्यात गेलो. कळशांची रांग लागली होती. त्या ओरडणाऱ्या बाई आमच्याबरोबरच आल्या होत्या. जीपमधून उतरून त्यांनी रांगेला मोठ्याने सांगितलं, "हिची काही चूक नव्हती. आपलीच झाली." मग तिचा हात धरून म्हणाल्या, "चल, वर चहा घे." वडिलांनी डोळे पुसले. सोमवारपासून मुलगी कामावर येईल, असं त्यांनी टँकरबरोबर आलेल्या मालकाला तिथेच सांगितलं.

आरोपी पकडायला आम्ही गाजावाजा करत जातो आणि निर्दोष माणसाला मागच्या दाराने सोडतो. त्या प्रकरणानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला : चौकशीसाठी आणलेला माणूस निर्दोष निघाला, की त्याला गणवेशात, दिवसाउजेडी, त्याच्या गल्लीत मी स्वतः सोडून यायचो.