काळी वायर आणि आत्याच्या गाठी

आत्याला दुकानातून काढायचं ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. पुतण्या मागच्या खोलीत मोजपट्टी घेऊन शिरला आणि तिच्या टेबलाची लांबी-रुंदी घ्यायला लागला, त्यावरून तिला काय ते कळलं. टेबल जाणार होतं. तिथं काचेचं कपाट येणार होतं, आणि त्यात गाड्यांचे शोभेचे दिवे, भोंगे वगैरे चमचमणारी मंडळी बसणार होती. "आता आराम कर आत्या," तो म्हणाला. आराम म्हणे! तिनं कधी मागितला होता?

चाळीस वर्षं ती त्या टेबलाशी बसत होती. दुकान गाड्यांच्या वायरिंगचं. पुढे भाऊ, मागे ती. पाटीवर भावाचं नाव, गिऱ्हाइकांच्या तोंडी भावाचं नाव, आणि मागच्या खोलीत पक्कड चालवून हाताला घट्टे पडले ते आत्याच्या. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. आता पुढे पुतण्या असतो. मागे कोण बसतं असं कुणी विचारलंच, तर तो सांगायचा, आत्या आहे, टेप गुंडाळते. हे तिनं आपल्या कानांनी ऐकलं होतं. ते वाक्य तिच्या मनातून काही गेलं नाही.

त्याच आठवड्यात माळ्याचा ट्रॅक्टर तिसऱ्यांदा दोरीला बांधून आला. मोठ्या बागेतलं गवत कापायचा तो बुटका ट्रॅक्टर, वय पन्नासच्या पुढे, पुढची चाकं गुडघ्याएवढी. तीस वर्षं त्याच्या वायरिंगनं तक्रार केली नव्हती. मग गेल्या वर्षी पुतण्याच्या मनात आलं की हे फार जुनं झालं, आणि त्यानं सगळं उपटून नवं घातलं. उपटलेला वायरींचा जुना जुडगा त्यानं फेकला मात्र नाही. पुढच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. गिऱ्हाईक आलं की बोट दाखवायचा, "हा बाबांचा हात. तीस वर्षं चालला." आत्या मागून ऐकायची आणि काम करत राहायची.

आता माळी काकुळतीला आला होता. बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलून त्याची कंबर गेली होती. पुतण्यानं हात झटकले. त्याचं म्हणणं, गाडीच म्हातारी झाली, भंगारात द्या. हे ऐकलं आणि आत्याचं डोकं फिरलं. ती उठून पुढे आली, तिनं ट्रॅक्टरचं झाकण वर केलं आणि आत पाहिलं. लाल, पिवळी, निळी, हिरवी, सगळ्या वायरी पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. दिसायला देखणं काम. तिनं एक टोक ओढलं, ते टर्मिनलपाशी कट्‌कन तुटून हातात आलं. आत एकच जाड तार.

"ही घराच्या भिंतीतली वायर आहे," ती म्हणाली. "भिंतीत ती झोपून असते. इथं तिला दिवसभर नाचायचं असतं. तुटणार नाही तर काय करेल?"

पुतण्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तांबं ते तांबं, तो म्हणाला, आणि उलट जाड तार जास्त मजबूत. तेव्हा आत्यानं माळ्यासमोर सांगून टाकलं: हा ट्रॅक्टर मी करते, एकटी. वायरिंगसाठी पुन्हा या दारात आला, तर टेबल मी स्वतः उचलून बाहेर ठेवीन आणि पायरी चढणार नाही. नाही आला, तर टेबल जिथं आहे तिथं राहील. पुतण्या हसला आणि म्हणाला, बघू. मोजपट्टी त्यानं खिशातच ठेवली.

वायर आणायला ती स्वतः गेली. वायरवाल्यानं मावशी म्हणून स्टूल दिलं आणि एक गुळगुळीत रीळ पुढे केलं. बारीक तारांचं, लवचिक, गाडीसाठी खास, सगळे हेच नेतात. आत्यानं टोक सोललं, तारा मोकळ्या केल्या, एक तार ब्लेडनं खरवडली. आत पांढरं. ॲल्युमिनियमला वरून तांब्याचा मुलामा! तिनं ती तार दुकानदाराच्या नाकासमोर धरली. त्यानं रीळ आत ठेवलं. मग दुसरं निघालं, ते खरं तांब्याचं, पण फार बारीक. दिव्यांना चाललं असतं. डायनामोपासून बॅटरीपर्यंत लावलं असतं तर तापून वरचं आवरण वितळलं असतं. तिसऱ्याचं आवरण नखानंच निघत होतं, तेल लागल्यावर त्याचं काय झालं असतं ते सांगायलाच नको. असं करता करता दुकानाचा अर्धा माळा खाली आला. शेवटी हवी ती सापडली: पुष्कळ बारीक तारा, अस्सल तांबं, चिवट जाड आवरण, दिव्यांसाठी एक माप आणि डायनामोसाठी एक. फक्त दोन्ही काळ्या. दुसरा रंगच नव्हता. आत्या म्हणाली, द्या.

रीळ पाहून पुतण्याला हसू आवरेना. सगळी काळी? उद्या बिघाड झाला तर कुठली कुठे जाते हे कुणाला कळणार?  आत्यानं खणातून जाड दोऱ्याचं रीळ काढलं आणि कामाला बसली.

हे दोऱ्याचं प्रकरण तिच्याशिवाय जिवंत कुणाला ठाऊक नव्हतं. भावाला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नसे. इंजिनाचा तो राजा होता, आवाज ऐकून दुखणं सांगायचा. पण लाल काय, हिरव्या काय, वायरी त्याला सारख्याच मातकट दिसायच्या. वायरिंगवाल्याला रंग कळत नाहीत म्हटल्यावर त्याच्याकडे आलं असतं कोण? म्हणून आत्या मागे बसून सगळा जुडगा बांधायची आणि भावाला हातानं ओळखता यावं म्हणून प्रत्येक वायरीच्या टोकाशी दोऱ्यानं गाठी मारायची. एक गाठ बॅटरी, दोन डायनामो, तीन दिवे. लोकांना कशाला सांगायचं, असं भाऊ एकदा म्हणाला होता. तिलाही तेव्हा पटलं होतं, कारण घर दुकानावर चालायचं. पण लोकांना सांगायचं नाही म्हणता म्हणता घरच्यांनाही सांगायचं राहून गेलं, आणि एक दिवस ती टेप गुंडाळणारी झाली.

दोन दिवसांत काम झालं. जिथं पत्र्याची कड लागत होती तिथं तिनं रबराची नळी चढवली, वायर कुठं ताणली नाही, वळणावर सैल सोडली. माळी ट्रॅक्टर घेऊन गेला.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दुकान उघडून तासही झाला नव्हता, तोच कोपऱ्यावर तो बुटका ट्रॅक्टर दिसला. "आला बघ परत," पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता असं म्हणणं बरं नाही, पण दुःखही नव्हतं.  आत्यानं पक्कड खाली ठेवली, टेबलावर हात टेकले आणि उभी राहिली. बोललेला शब्द पाळायचा तर आत्ताच पाळावा, रडतबिडत नाही.

मग दारातून पाहताना तिच्या लक्षात आलं, ट्रॅक्टरपुढे दोरी नव्हती. तो आपल्या पायांनी येत होता आणि माळी वर ऐटीत बसला होता, भर उन्हात दोन्ही दिवे लावून. त्याला फक्त दाखवायचं होतं. रोज चालतोय, खड्ड्यातून नेला, कुंपणाजवळच्या खडीवरून नेला, एकदासुद्धा अडला नाही. त्यानं झाकण उघडलं, आत पाहिलं, मग भिंतीवरच्या जुडग्याकडे पाहिलं. पुन्हा आत पाहिलं.

"ह्या तर त्याच गाठी," तो म्हणाला. "मालकांच्या. आत्याबाई, तुम्ही शिकलात वाटतं त्यांच्याकडून? शेवटी त्यांचा हात तो त्यांचाच."

पुतण्या मान डोलावणार एवढ्यात आत्या बोलली. आवाज चढवला नाही.

"त्याला लाल-हिरवं कळत नव्हतं. जन्मापासून. गाठी मी मारायचे, त्याला सापडावं म्हणून. भिंतीवरचा तो हात माझा आहे. आतलाही माझाच."

माळी बघतच राहिला.  पुतण्या लहान असताना बाबांनी एकदा एक लाल आणि एक हिरवा मोजा घातला होता आणि घरभर हशा झाला होता, ते त्याला आठवलं असावं.  मग त्यानं खिळ्यावरचा जुडगा काढला आणि एकेक टोक बोटांनी चाचपत मागच्या खोलीत आला. आत्या टेबलाशी बसली होती. खिशातली मोजपट्टी त्यानं काढून तिच्या खणात टाकली.

"तीन गाठी म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"तुझ्या बापानंही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं," आत्या म्हणाली, आणि दोऱ्याचं रीळ त्याच्याकडे सरकवलं.