चित्रामागची चौकट

पडद्यावरचं काही काढून टाकायचं नाही, झाकायचं, हा त्याचा धर्म. म्हणून ऑफिसात त्याला सगळे झाक्या म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर उरलं होतं तेवढंच. प्रोग्रामच्या फॉर्मवर कुणी माहिती भरायची नवी चौकट मागितली की झाक्या नवी करी आणि जुनी एखाद्या चित्रामागे सारून देई.

"काढली की दहा ठिकाणी बोंब उठते," तो म्हणे. "असू दे मागं. काय चावते का कुणाला?"

चावली. इस्पितळाच्या औषधांचा प्रोग्राम त्याच्याच हातचा. तिथं एका म्हाताऱ्याला रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या चारऐवजी सोळा गोळ्यांची चिठ्ठी निघाली. गोळ्या देणाऱ्याने चिठ्ठीवर होत्या तशा दिल्या आणि म्हातारा आतल्या आत रक्त वाहून गेला. नोंद केली होती त्या वॉर्डात नव्यानं बदलून आलेल्या सिस्टरनं. खाट नंबर सोळा. सिस्टरनं खाटेचा आकडा औषधात टाकला, असं सगळ्यांनी धरलं. नोकरी तर जाणारच होती, पोलीसही दोनदा घरी येऊन गेले होते. ती एकच धोशा लावून होती, "मी चारच टाकले हो!"

ऑफिसचे मालक झाक्याला म्हणाले, "चौकशीवाले येतायत. फॉर्म एकदा नजरेखालून घाल आणि प्रोग्राम ठीक आहे म्हणून लिहून दे. झालं."

झाक्यानं फॉर्म उघडला. वर इस्पितळाचं चिन्ह, खाली गोळ्यांची चौकट, त्याखाली खाटेची. वरून सगळं चकचकीत, नव्या नवरीसारखं. पण पडद्याच्या बाजूला एक यादी असते. फॉर्मवर जे जे आहे, दिसणारं आणि न दिसणारं, त्या सगळ्याची नावं तिच्यात असतात. एकेक नाव दाबायचं, की ती वस्तू जिथं असेल तिथं तिच्या कडेनं ठिपके उमटतात. तो दाबत गेला. एका नावावर ठिपके उमटले ते थेट इस्पितळाच्या चिन्हावर.

गोळ्यांची जुनी चौकट. त्यानंच तिथं दडवलेली. तिच्यात पडेल तो आकडा नव्या चौकटीत जायचा, ही सोयही त्याचीच. माऊसने काम करणाऱ्याला ती कधी सापडली नसती. पण त्यानं माऊस बाजूला ठेवला. चार दाबला, पुढच्या चौकटीत नेणारा टॅब दाबला. कर्सर दिसेनासा झाला. सोळा दाबलं. वरच्या चौकटीतल्या चाराचे सोळा झाले आणि खाटेची चौकट रिकामीच राहिली. हात चालवणारं माणूस कागदाकडं बघत असतं. खाट रिकामी दिसली, तर बटण दबलं नसेल म्हणून पुन्हा टॅब दाबून सोळा टाकणार आणि पुढं जाणार. जिची बोटं सगळ्यात चलाख, तीच अडकणार.

त्यानं मालकांना दाखवलं. मालकांनी उठून दार लावून घेतलं.

"काढून टाक."

"साहेब, मग त्या बाईचं..."

"त्या बाईचं काय ते चौकशी बघेल. तू बुडशील, मला घेऊन बुडशील, बाहेर बसलेत ते सगळे बुडतील. काढ म्हटलं ना!"

आयुष्यात पहिल्यांदा झाक्यानं एक चौकट मुळासकट उपटली. बोंब कुठंच उठली नाही.

घरी बायको भांडी घासत होती. तिला सगळं सांगितलं.

"बोललात तर घर कोण चालवणार?" ती म्हणाली.

"आणि नाही बोललो तर?"

ती कढईचं करपलेलं बूड जोरजोरात खरवडत राहिली.

चौकशीच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला होता. झाक्याला कडेची खुर्ची. मोठे डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "त्या दिवशी जसं केलं, तसंच करा."

ती बसली. अंगानं काडी झालेली, पण बोटं काय पळत होती! चार, टॅब, सोळा. चिठ्ठी सरसर बाहेर आली. चार गोळ्या, खाट सोळा. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी हातोहात फिरवली. झाक्याच्या हातातही आली. त्यानं ती बघितली आणि पुढं दिली.

"म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "काय हो, तुमचं काय म्हणणं?"

शेजारी बसलेल्या मालकांनी टेबलाखाली झाक्याच्या पायावर पाय ठेवला. ठेवला नसता तरी तो बोलला नसता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

सिस्टरनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. पुन्हा एकदा चार, टॅब, सोळा दाबलं. पुन्हा बरोबर चिठ्ठी आली. मग तिनं हात मांडीवर घेतले.

"मग माझाच चुकला असेल हो हात," ती हळूच म्हणाली. "इतके दिवस उगाच तुमच्या मशीनला बोल लावला, भाऊ. राग मानू नका."

"नाही मानत," झाक्या म्हणाला.