रजियाची सकाळ, माझी दुपार

जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर फोनवर अकरा मिस्ड कॉल. सगळे रजियाच्या नंबरवरून. आमच्या कंपनीत लाइनवर फोन नेऊ देत नाहीत, हे तिलाही माहीत, कारण ती त्याच लाइनवर दुसऱ्या पाळीला. म्हणून आधी मी चिडलेच. फोन लावला तर तिच्या आफरीनने उचलला. बारा वर्षांची पोर. "मावशी, अम्मी उठतच नव्हती… खालच्या दुकानवाल्या काकांनी रिक्षातून नेलंय तिला." चाकणहून भोसरीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. छत्तीस वर्षांची होती हो! त्याला आता पाच आठवडे झाले.

रजिया उदगीरकडची. नवरा सलीमभाई इथेच एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. आमच्या खोल्या एकाच मजल्यावर, समोरासमोर, वर पत्रा. गाड्यांच्या वायरी बांधायचं काम आम्हा दोघींचं, तेही कॉन्ट्रॅक्टवर. वर्षभर शाळा असते म्हणून निभतं, पण एप्रिलच्या मध्याला शाळा बंद झाली की सगळं अडायचं. गावी धाडावं तर तिची आई अंथरुणाला खिळलेली आणि माझ्या सासरी कोणी उरलेलंच नाही. माझा नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. तिची दोन, माझा एक, अशी तीन पोरं ठेवायची कुठे? चार वर्षांपूर्वी तोडगा तिनेच काढला. सुपरवायझरसमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, उन्हाळाभर हिला पहिली पाळी द्या, मला दुसरी. आमाला दोघींना मिळून एकच बाई समजा." साहेब हसले आणि दिली.

तेव्हापासून पोरांची सकाळ रजियाची आणि दुपार माझी. ती दोनला निघायची, मी चारला घरी. मोशीला बस अडकली की साडेचार. मधले ते दोन तास पोरं एकटी, आणि बसमध्ये माझा जीव टांगणीला. पण चार उन्हाळे काढले. माझा मुलगा तिला खाला म्हणायचा आणि तिच्या हातची खिचडी चाटूनपुसून खायचा. "तुझ्या हाताला चवच न्हाई गं, पोरगं माझ्याकडंच ठिवून घेते," असं म्हणून ती मला चिडवायची. मीही म्हणायचे, घे, कपडेही तूच धू. आम्हा दोघींची भेट अशी गुरुवारीच. इकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी जिन्यात बसून भाजी निवडायची आणि आठवड्याचं सगळं बोलून घ्यायचं.

आता जे सांगायचंय ते सांगताना लाज वाटते, पण लपवणार नाही. सोमवारी ती कामाला निघायच्या आधी मला फोन आला… म्हणजे मी जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडल्यावर तो पाहिला, आणि उलटा लावला. म्हणाली, "खांदा लई दुखलालाय गं, दम लागलालाय. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन येऊ का? तू एक दिवस सुट्टी टाकशील?" त्याच महिन्यात मुलाच्या तापापायी माझे दोन खाडे झाले होते. तिसरा झाला तर येऊ नको, असं मला स्पष्ट बजावलं होतं. मी म्हटलं, "अगं, पित्त असेल. तीन दिवसांवर गुरुवार आलाय, मीच घेऊन जाते तुला." ती लगेच म्हणाली, "बरं बरं, न्हाई काही, तू कशाला घाबरलालीस?" उलट मलाच धीर दिला! मंगळवारी ती गेली.

सलीमभाईंना मी हे सांगितलंय. ते म्हणाले, "ताई, तिनं मला तर सांगितलंसुद्धा नाही." मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दहा दिवस मी कामावर गेले नाही. मग कंपनीतून निरोप आला, सोमवारपासून या, नाहीतर दुसरी बाई घेतो. मी तिची दुसरी पाळी मागून घेतली. सकाळी पोरांजवळ मी असते. सलीमभाई सातला येतात. दोन ते सात कोणी नाही. शेजारी विचारलं, पाळणाघरात विचारलं, लांबच्या नणंदेच्या पाया पडले. कोणाला जमेना. रागावू तरी कोणावर?

कामावर परत जायच्या त्या सोमवारी पाय उंबऱ्याबाहेर निघेना. पत्रा असा तापलेला की डोक्यावर हात ठेवावा लागत होता. आफरीन उठली. गॅसचं बटण खालून बंद केलं, बादलीभर पाणी फरशीवर ओतलं, फडक्याने सारखं केलं आणि दोन्ही पोरांना म्हणाली, "चला, पोट टेका." रजिया रोज दुपारी असंच करायची. आफरीनने हे कधी शिकून घेतलं, कोण जाणे. पोरं निमूट ओल्या फरशीवर पालथी झाली. मग ती दाराशी येऊन मला म्हणाली, "मावशी, तुझी बस जाईल. मी बघते यांना."

ती बारा वर्षांची आहे. तिची आई जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता. नको, तू खेळायला जा, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "आतून कडी लाव," आणि जिना उतरले.