टाचण्यांची खोळ

टेलरबाईंच्या तोंडात कायम टाचण्या. त्यामुळे बोलणं कमी, आणि निघेल ते टोकदार. लग्न केलं नाही. मशीन मारून धाकट्या बहिणीला वाढवलं आणि स्वतःचे गुडघे घालवले. पन्नाशीनंतर एक कुत्री पाळली. दुकानामागच्या कचऱ्यात सापडली म्हणून नाव चिंधी.

कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचं वेड मूळ धाकटीचं. मैदानात आडव्या दांड्या, कापडी बोगदा, झुलती फळी, ओळीने रोवलेले खांब. माणसाने कुत्र्याबरोबर धावायचं; हातात काही धरायचं नाही, त्याला शिवायचं नाही. आपला खांदा वळेल तिकडे ते वळतं. दांडी पडली की गुण गेले. एकेकाने धावायचं; न पाडता जो कमी वेळात पोचेल, तो जिंकला. तीन वर्षं धाकटीच जिंकत होती.

"ताई, तुझी चिंधी शेवटच्या दांडीला पोट घासणारच बघ," ती हसायची. "आता गुडघे सांभाळ. पुढच्या वर्षी खुर्चीत बसून टाळ्या वाजव."

यंदाचं धावणं शेवटचं, हे बाईंनाही ठाऊक होतं. निदान एकदा धाकटीला हरवायचं होतं. त्यांनी दांडीच्या मापाची खोळ शिवली, आतून टाचण्या लावल्या, टोकं वर, आणि ती सरावाच्या दांडीवर चढवली. पहिल्या दिवशी चिंधी केकाटली. बाई म्हणाल्या, "पुन्हा." आठवड्याभरात केकाटणं थांबलं. दांडी दिसली की चिंधी पोट आत ओढून हातभर वरून जाऊ लागली.

स्पर्धेत तिने एकही दांडी हलवली नाही. लोक उठून उभे राहिले. बाईंनी लंगडत येऊन फलक पाहिला. धाकटीची कुत्री अर्ध्या सेकंदाने पुढे. ती दांड्यांना चिकटून, चपट्या उड्या मारत गेली होती. चिंधीचा वेळ हवेत गेला होता.

चिंधीला कुरवाळताना धाकटीचा हात थांबला. "ताई, हिच्या पोटाला हे काय गं?"

"गवत टोचलं असेल."

धाकटीने खपल्यांवरून बोट फिरवलं. ताईच्या हातचे कपडे घालूनच ती मोठी झाली होती.

"किती सरळ ओळीत टोचलंय गं," ती म्हणाली आणि आपली कुत्री घेऊन निघून गेली.

घरी बाईंनी सुजलेला पाय समोरच्या स्टुलावर पसरला. रोज असा पाय पसरला की चिंधी येऊन त्यावर हनुवटी टेकायची. आजही ती आली. आडव्या पायापाशी थबकली, पोट आत ओढलं, आणि हातभर वरून पलीकडे गेली.

"चिंधे, इकडे ये गं."

ती आली. तशीच, वरून.