रविवारचं अंगण

सकाळी नात ओट्यावर बसून नखं रंगवत होती. तिनं ती इवलीशी बाटली उघडली आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तो वास माझ्या विमानाचा होता. हसू नका. आमचं विमान कापडाचं होतं. पंखांच्या सांगाड्यावर सुती कापड ताणून शिवायचं आणि त्यावर रोगणाचे हात द्यायचे. एकेक हात सुकत गेला की कापड हलगीसारखं ताणलं जाई, टिचकी मारली तर बोले. त्या रोगणाचा आणि या नखांच्या रंगाचा वास सख्ख्या बहिणींसारखा. "लाव, सावकाश लाव, झाकण उघडंच राहू दे," मी नातीला म्हणालो. तिला वाटलं, आज आबाजी खुशीत आहेत. तिची आजी जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. खुशी कसली.

मी सातवी शिकलेला माणूस. कामठी रोडला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं माझं. सन पासष्ट-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. एका जिनिंगवाल्या शेठनं हौसेनं दोन खुर्च्यांचं पिवळं विमान घेतलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात वावटळीत सापडून त्यानं असा धसका घेतला की पुन्हा त्याच्याकडे पाहीना. मी त्याचे ट्रक बघायचो, मग विमानाचं इंजिनही बघू लागलो, आणि शेवटी ते माझ्याच गळ्यात पडलं. लोक म्हणाले, गॅरेजवाला येडा झाला. झालोच होतो. सोनेगावच्या मैदानावर उडवायला शिकलो. हात लवकर बसला, पण परीक्षा इंग्रजीत. बायको मॅट्रिक होती. ती भाकरी थापता थापता पुस्तकातलं वाचून मराठीत सांगायची, आणि मी पाटावर बसून वारा, ढग, हवेचा दाब असं सगळं पिठाच्या वासात पाठ करायचो. आजही ढग पाहिला की मला तव्यावरची भाकरी आठवते. माणसाचं डोकं कुठं काय बांधून ठेवील, सांगता येत नाही.

तिचं माहेर नरखेडकडचं. संत्र्याचे बगीचे, विहिरी, मोठं खटलं. तिनं माझ्याशी जातीबाहेर लग्न केलं आणि बापानं दार लावून घेतलं. "हे घर तुले मेलं," एवढंच बोलला. तो शब्दाचा पक्का माणूस होता. पाच-सहा वर्षांत माहेरचं कोणी आलं नाही, चिठ्ठी नाही, सणाला साडीचोळी नाही. ती रडायची नाही. पण संत्र्याची टोपली घरात आली की तिला काहीतरी काम निघायचं आणि ती आतल्या खोलीत जायची. फळ सोलताना मी तिला कधी पाहिलं नाही.

विमानात ती बसायला तयार नव्हती. मी खूप म्हटलं, तळं दाखवतो, रामटेकचं देऊळ दाखवतो. नाहीच. मग एक दिवस आपणहून म्हणाली, "अजी, नरखेडपर्यंत जाते काय हे?"

"जाते ना. काहून?"

"रस्त्यानं गेली तर दारातून हाकलतीन. वरून कोन हाकलते?"

पुढच्या रविवारी निघालो. काटोलची रेल्वे लाइन धरून गेलं की वाट चुकत नाही. सकाळची हवा ताकासारखी निवलेली असते, विमान त्यात तरंगत जातं, हलत नाही की डुलत नाही. खाली कपाशीची काळी रानं, मधे नाल्यांच्या रेषा, एसटीच्या मागे उठलेला धुळीचा शेपटा, आणि मग एकदम संत्र्याची झाडं सुरू होतात. गोल गोल, हिरवी, रांगोळीचे ठिपके मोजून मांडल्यासारखी. आंब्या बहराचे दिवस होते. थोडं खाली आलो तर फुलांचा वास खिडकीतून आत आला. ती खिडकीला कपाळ टेकवून बसली होती. वरून ओळखीची गावं ओळखू येत नाहीत. पण तिनं विहीर ओळखली, मग चिंच ओळखली, मग अंगण. अंगणात एक बाई सूप घेऊन पाखडत होती. आवाजानं तिनं वर पाहिलं.

"माय हाय," बायको म्हणाली. "माय पाहून राहिली."

खेड्यात विमान आलं की सगळेच वर पाहतात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात क्वचितच मी जीभ आवरली, त्यातली ती एक वेळ. मी अंगणावरून दोन घिरट्या घातल्या. ती बाई सूप छातीशी धरून उभी राहिली.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ती आधीच अंगणात येऊन उभी होती. नवं लुगडं नेसून. मग मात्र माझी खात्री पटली. गॅरेजवाल्या जावयाचं पिवळं विमान अख्ख्या तालुक्यात गाजलेलं. बातमी पोचली असणार. तेव्हापासून दोन हिवाळे आमचं माहेरपण असं हवेतून चाललं. पावसाळ्यात बंद, बाकी जमेल तितके रविवार. एक शब्द बोलणं नाही. ही वरून हात करायची, ती खालून. कधी माय पोराबाळांना उभं करून दाखवायची, कधी मोठं कोहळं उचलून धरायची. परतताना बायको मला सांगायची, माय वाळली, मायच्या गुडघ्याचं दुखणं वाढलेलं दिसते. इतक्या उंचीवरून गुडघा दिसतो होय? पण तिला दिसायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी अंगण माणसांनी भरलेलं दिसलं. मांडव नव्हता, आणि वर पाहणारी माय कुठंच नव्हती. बाया खाली बसलेल्या होत्या, पुरुष कडेला बांबू तोडत होते.  

"अजी, खाली घ्या."

"कुठं घेऊ वं? सारी झाडंच हायेत."

"खाली घ्या म्हनते ना!"

तिनं मला असं कधीच सांगितलं नव्हतं. गावाबाहेर गायरान होतं. नियमात बसत नव्हतं, बसवून घेतलं. एकदा खालून फिरून गुरं पांगवली आणि दुसऱ्या फेरीत टेकलो. दगडांनी हाडं खिळखिळी झाली, पण विमान उभं राहिलं. मी तिच्याबरोबर निघणार, तोवर गुरं परत आली. कापडाचा पंख गाईला चाऱ्यासारखाच. एक तर जीभ काढून चाटायलाही लागली. ती म्हणाली, "तुम्ही राहा," आणि पदर खोचून चालू लागली. दारात बाप उभा असणार हे दोघांनाही ठाऊक होतं. वरून मला ते घर सगळंच्या सगळं दिसायचं, अंगणातलं सूपसुद्धा. आता जमिनीवर उभा होतो तर झाडांपलीकडचं काहीच दिसेना. जावई म्हणून सासूच्या मौतीला आलो आणि काठीनं गुरं हाकत बसलो. तिला आत घेतलं की नाही, एवढंच डोक्यात.

ऊन उतरलं तेव्हा झाडांतून सासरा आला. एकटाच. ओलं धोतर, उघडं अंग, नदीवरून आलेला. मी हातातली काठी खाली टाकली.

"पोरगी तेरवीपर्यंत राहीन," तो म्हणाला. "तुमी निंगा. अंधार होईन."

मी मान हलवली. तो पंखाकडे पाहत राहिला, मग तळहात कापडावर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"तुमाले काय वाटे, मले मालूम नव्हतं?" तो म्हणाला. "रविवारी बजार नसते आमच्या इकडं. तरी मी सकायीच बजाराले म्हनून निंगून जावो. अंगन खाली करून द्याले."

एवढं बोलून वळला. शब्द मोडायचा नव्हता त्याला, म्हणून बाजाराच्या नसलेल्या दिवशी बाजाराला जात राहिला. कुठं बसत असेल तो त्या सकाळी, कोणत्या शेताच्या धुऱ्यावर, विमानाचा आवाज ऐकत? मी विचारलं नाही, पुढं येणं-जाणं सुरू झाल्यावरही नाही. त्या संध्याकाळी एकटा परतलो. रिकाम्या खुर्चीचा पट्टा बांधून ठेवावा लागतो, नाहीतर लोंबतो आणि कशात तरी अडकतो. तो बांधला. तेव्हा तेरा दिवसांत ती परत येणार होती.

विमान जाऊन कैक वर्षं झाली. सासरा गेला, गॅरेज गेलं. आता ती वर आहे, असं लोक मला समजावतात. मी वर जाऊन आलेला माणूस आहे. तिथं कोणी नसतं; हवा असते, आणि थंडी. पण तिथून खालचं अंगण किती लख्ख दिसतं, तेही मी पाहून आलो आहे. म्हणून रविवारी सकाळी पोरानं अंगणात मोटारसायकल आणून लावली की मी ती बाहेर काढायला लावतो. "काहून, बाबा?" तो कुरकुरतो. मी सांगत नाही. चप्पल घालतो, बाजाराला जातो म्हणतो, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जाऊन तासभर बसतो.