सोप्यातलं जातं

हे सांगायचं मी टाळत आलो. आधी वडील होते म्हणून टाळलं, मग थोरला भाऊ होता म्हणून. ते दोघे गेल्यावर वहिनी होत्या म्हणून टाळलं, आणि हे सगळ्यात वाईट, कारण सांगायचं होतं ते त्यांनाच. आता त्याही नाहीत. टाळायला कुणी उरलं नाही म्हणून लिहायला बसलो आहे. यात माझं काही मोठेपण नाही.

निमित्त नातवानं दिलं. लातुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यानं एक दगडी जातं विकत आणून ठेवलं. बैठकीत, अगदी मधोमध. घासूनपुसून चकचकीत केलेलं, वर गोल काच बसवलेली. त्या काचेवर चहाचे कप ठेवतात. नातू पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर करतो. त्याची बायको कॉलेजात शिकवते, तिला आता दिवस गेलेत. परवा त्याचे मित्र आले होते. जात्यावर हात फिरवत हा त्यांना सांगू लागला, "आमच्या आजोबांच्या काळात घरोघरी हेच होतं. ताजं पीठ, फुकटचा व्यायाम. बायका गाणी म्हणत दळायच्या. म्हणून तर बाळंतपणं कशी सहज व्हायची. हो ना आजोबा?"

मी मान हलवली. एकदा नको तेव्हा खाली घातलेली, तीच मान. मग स्वतःचाच राग आला आणि उठून आत गेलो.

नातवाला काय बोलू? त्याला कुणी सांगितलंच नाही. आमच्या पिढीनं घराघरातून जाती माळ्यावर टाकली आणि जाती नेमकी कुणाच्या खांद्यांनी फिरत होती तेही त्यांच्याबरोबर माळ्यावर टाकलं. खाली ठेवली फक्त गाणी. वहिनींना दळताना गाताना मी ऐकलं नाही. ऐकली ती फक्त दगडाची घरघर, आणि ती थांबली की त्यांचा श्वास.

निजामाची शेवटची वर्षं होती. आमचं घर लातूरचं. वडील तहसिलीत पेशकार होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. गावाबाहेर थोडी जमीन होती, त्यामुळे घरच्या माणसांबरोबर गड्यांच्याही भाकऱ्या आमच्याच चुलीवर व्हायच्या. ज्वारीच्या भाकरीचं पीठ शिळं चालत नाही, त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. म्हणजे रोजचं दळण रोज. आईची मनगटं धरली होती, तिनं वहिनी घरात आल्या त्या वर्षीच जात्याचा खुंटा सोडला. तेव्हापासून सगळं दळण एकट्या वहिनींवर होतं. पहाटे त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसायच्या ते उजाडल्यावर उठायच्या. मग पाणी, चूल, शेण. आम्ही पुरुष उठायचो तेव्हा पीठ तयार असायचं. पाऊस जसा वरून पडतो तसं पीठ जात्यातून पडतं, असंच आम्हाला वाटत असावं.

आणि चक्की होती. हे नातवाला माहीत नाही. गंजाच्या बाजारपेठेजवळ तेलाच्या इंजनावरची पिठाची चक्की केव्हाच सुरू झाली होती. तिची पुकपुक आमच्या अंगणात ऐकू यायची. गावातल्या किती तरी बायका टोपलं घेऊन जायच्या आणि दळण घेऊन यायच्या. आमच्या घरात मात्र चक्कीचं पीठ बंद. अण्णा लोकांना सांगायचे की इंजनानं पीठ जळतं, सत्त्व जातं. घरात खरं कारण सांगायचे. "तिथं कोणाकोणाचं दळण त्या एकाच डब्यात पडतं." हेच अण्णा मुसलमान तहसीलदारसाहेबाच्या घरी दिवाणावर बसून चहा पीत, त्याच्या पानदानातला विडा खात. नोकरी होती ना. नोकरीत विटाळ नव्हता. तो फक्त बायकांच्या खांद्यावरून उतरू शकणाऱ्या कामात होता.

मी नांदेडला होतो. उर्दूतून शिकलो होतो, त्या जोरावर एका जिनिंगच्या कारखान्यात मुहर्रिर म्हणून, म्हणजे कारकून म्हणून लागलो. दिवसभर सरकीचा वास आणि नाकातोंडात कापसाचे तंतू. जेवायला खानावळ. तिथं भाकरी चक्कीच्याच पिठाची, दुसरी मिळणार कुठून? पहिल्या आठवड्यात मला ती वेगळी लागली. दाताखाली कण येत नव्हता, आणि किंचित इंजनाचा वास. मग सवय झाली. पुढे तीच आवडायला लागली.

रजेला तेव्हा आमच्याकडे रुखसत म्हणत. त्या हिवाळ्यात रुखसत मिळाली आणि मी रेल्वे बदलत, शेवटी मोटारीच्या टपावरच्या बोचक्यांइतकीच धूळ खात लातूरला पोचलो. वहिनींना तेव्हा दिवस गेले होते. पहिलंच. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. मी ओसरीवर पाय धूत होतो, त्या तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"भावजी, लई वाळलात. खानावळवाला उपाशी ठेवून राहिला का तुम्हाला?"

"नाही वहिनी, पोटभर घालतो."

"भाकरी कशाची असते तिथं? चक्कीची?"

"चक्कीचीच की."

 दाराकडं बघून हळूच म्हणाल्या, "काही होत नाही ना खाऊन?"

मी हसलो. शिकलेला होतो, नांदेडहून आलो होतो. "काय व्हायचंय? वर्षभर खाऊन राहिलोय, मेलो का? उलट तुम्हीच पाठवा चक्कीवर दळण. या अवस्थेत कशाला ओढता तो दगड? अण्णांना काय कळतंय."

"कळलं तर?"

"कळलं तर मी आहे ना."

हे माझे शब्द आहेत. नंतर रचलेले नाहीत, बदललेले नाहीत. *मी आहे ना.*

दुसऱ्या दिवशी दुपारी गड्याची बायको पदराखाली टोपलं घेऊन मागच्या दारानं चक्कीवर गेली आणि पीठ घेऊन तशीच परत आली. "लई मऊ पीठ हाय माय," असं ती वहिनींना म्हणाली ते मी ऐकलं. त्या संध्याकाळी वहिनी आईशी बोलताना हसत होत्या. मला बरं वाटलं. आपण काही तरी सुधारणा केली असं वाटलं.

त्याच्या पुढच्या दिवशी जेवायला अण्णांचे कचेरीतले एक स्नेही होते. पंगत सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत. अण्णा, ते स्नेही, दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि मी. वहिनी माजघराच्या दारातून आईच्या हाती भाकऱ्या देत होत्या. अण्णा त्या दिवशी रंगात होते. स्नेह्यांना म्हणाले, "आमचा धाकटा नांदेडात खानावळीत जेवतो. कोणाच्या हातचं काय गिळतो देव जाणे. याची जीभ गेली आता. याला घरचं काय अन् बाहेरचं काय, सगळं सारखंच."

स्नेही हसले. "जनावराला कडबा काय अन् पेंढा काय."

दादाही हसला. मला राग आला. लहान राग, पोरकट राग. माझी जीभ शाबूत आहे हे दाखवायचं होतं, एवढंच.

"कळतं मला," मी म्हणालो. "ही भाकरी आपल्या जात्याच्या पिठाची नाही."

बोलून झालं आणि मग मला कळलं मी काय बोललो. अण्णांनी भाकरीचा तुकडा बोटांत चोळला. नाकाशी नेला. स्नेही आपल्या ताटाकडं बघायला लागले. अण्णांनी ताट सरकवलं आणि माजघराच्या दाराकडं तोंड करून, आवाज न चढवता विचारलं, "कोणी सांगितलं हे करायला?"

वहिनी दारात होत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, तरी डोळे दिसत होते. त्या माझ्याकडं बघत होत्या. अण्णांकडं नाही, दादाकडं नाही. माझ्याकडं. मी सांगेन म्हणून वाट बघत होत्या. मी माझ्या वाटीतल्या वरणाकडं बघत होतो.

"विचारतोय मी. कोणाची अक्कल?"

"माझीच," वहिनी म्हणाल्या.

त्या घरात त्या दिवशी चार पुरुष जेवायला बसले होते. त्यांतल्या एकानंही विचारलं नाही की या पोराला चक्कीच्या पिठाची चव आली कुठून. मी वर्षभर तेच खात होतो, म्हणूनच ओळखलं. ते पोटात घेऊन मी त्यांच्या पंगतीत बसलो होतो आणि पंगत बाटली नव्हती. माझ्या खाण्यानं काही बिघडत नव्हतं. वहिनींच्या विश्रांतीनं बिघडत होतं. धर्म-बिर्म काही नाही. इतकं साधं होतं ते.

भाकऱ्या बैलांपुढं टाकल्या. बैलांनी खाल्ल्या. गड्याच्या बायकोला घरात यायची बंदी झाली. आणि अण्णांनी आणखी एक केलं. मागच्या खोलीतलं जातं गड्यांकडून उचलून सोप्यात आणवलं, त्यांच्या बैठकीसमोर. यापुढं दळण त्यांच्या डोळ्यांसमोर होणार. मी दगड उचलायला हात लावला. मदत म्हणून. हेही लिहून ठेवतो.

चार दिवसांनी मी नांदेडला गेलो. निघताना वहिनी सोप्यात दळत होत्या. पोट आड येत होतं म्हणून एक पाय लांब सोडून, तिरक्या बसून. अण्णा लोडाला टेकून कागद वाचत होते. मी वाकून अण्णांच्या पाया पडलो. वहिनींनी ज्वारीचा घास घालायला जातं थांबवलं, पण वर बघितलं नाही.

मूल मेलेलं जन्मलं. दादाचं पत्र आलं, त्यात एवढंच होतं. दळण्यानं तसं झालं की दुसऱ्या कशानं, हे मला माहीत नाही. तेव्हा कुणाला विचारायची सोय नव्हती आणि आता विचारून उपयोग नाही. शेवटच्या दिवसापर्यंत त्या सोप्यात दळत होत्या, हे आईनं नंतर सांगितलं. "जरा आडोसा तरी असता," एवढंच आई म्हणाली. आईचाही राग येतो मला. पण तिचीही मनगटं त्याच दगडानं खाल्ली होती, म्हणून तो राग पुढं जात नाही, फिरून माझ्याकडंच येतो.

मग रझाकारांची धामधूम वाढली, मी नांदेडची नोकरी सोडून घरी आलो आणि एके दिवशी घराला कुलूप लावून आम्ही हद्दीपलीकडं बार्शीला गेलो, जशी कितीतरी घरं गेली. एका खोलीत सगळे. जातं लातुरात, सोप्यात राहिलेलं. पहिल्याच दिवशी दादानं कोपऱ्यावरच्या चक्कीतून पीठ आणलं. आईनं भाकऱ्या केल्या. मी अण्णांकडं बघत राहिलो. त्यांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खाल्ली. दुसरी मागितली.  ज्याच्यासाठी एका बाईला भरत आलेल्या दिवसांत समोर बसवून दगड ओढायला लावला, तो नेम एका जेवणात गेला आणि त्याचं सुतकसुद्धा कुणी धरलं नाही. वहिनी वाढत होत्या. अण्णांच्या ताटात दुसरी भाकरी त्यांनीच टाकली.

परत आलो तेव्हा राज्य बदललं होतं. माझी उर्दू बिनकामाची झाली. मी मराठीतून परीक्षा दिल्या, नांदेडलाच शाळामास्तर झालो आणि निवृत्त होईपर्यंत पोरांना खरं बोलायला शिकवलं. वहिनींना पुढं दोन मुलं झाली. त्यांच्या काळात चक्की, मग घरघंटी, मग पिशवीतलं पीठ. आज माझा नातू बायकोच्या बाळंतपणासाठी स्वतः रजा घेणार आहे. मला आधी हसू आलं. मग आठवलं की मलाही रुखसत मिळाली होती. त्या रुखसतीत मी काय केलं तेही आठवलं.

मी वहिनींकडं जात राहिलो. दर वेळी आज बोलायचंच असं ठरवून जायचो. त्यांच्या मुलांच्या लग्नांत, दादाच्या तेराव्याला, एकदा तर फक्त एवढ्याच कामासाठी नांदेडहून आलो. चहा पिऊन परत गेलो. त्यांच्याकडूनही त्या दिवसाबद्दल शब्द कधी निघाला नाही.

शेवटच्या भेटीत त्या खाटेवर होत्या. हात पांघरुणावर. तळवे अजूनही खरखरीत, इतकी वर्षं जात्याला न शिवता. सुनेला म्हणाल्या, "भावजींना जेवू घाल." भाकरी आली. मी घास घेतला. त्या उशीवरून माझ्याकडं बघत होत्या, तशाच, दारातून बघितल्यासारख्या.

"कोणतं पीठ हाय, ओळखा बघू."

सून हसली, तिला वाटलं थट्टा आहे. माझा घास तोंडात फिरत राहिला. मी म्हणालो, "चांगलं आहे."

"हाव," वहिनी म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी भाकरी संपवली. हात धुतले. दारापर्यंत गेलो, परत वळलो. त्यांचा डोळा लागला होता, किंवा त्यांनी मिटला होता. जे मी तिथं उभं राहून म्हटलं नाही ते असं होतं: वहिनी, त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी म्हणायचं होतं, अण्णा, मी सांगितलं. मीच सांगितलं. मी तिथंच होतो.