संदेश काठी मागत होता

संदेश निष्काळजीपणामुळे मेला नाही. आमच्या विभागाने त्याला मारलं.

आज वर्ष झालं. वर्षभर मला गप्प राहायला सांगितलं गेलं. बास झालं आता.

संदेश भोईर, तळवलीचा. आमच्या इन्स्टिट्यूटच्या हाय व्होल्टेज लॅबमध्ये माझ्यासोबत पीएचडी करायचा. खाडीच्या खाऱ्या हवेत विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर लवकर का निकामी होतात, हा त्याचा विषय.

"गावात लाइट गेली की सगळे मलाच शिव्या घालतात गं. म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावूच."

विभागाच्या गणपतीचं लायटिंग त्याचंच. आईने दिलेलं जवळ्याचं कालवण अख्ख्या लॅबला वाटायचा.
"भात तरी तुमी आणा रे, फुकट्यांनो!"

पण मशीन सुरू झालं की एकदम कडक. नवीन मुलांना पहिल्याच दिवशी दम द्यायचा.
"स्विच बंद केला म्हणजे करंट गेला असं नाही. चार्ज साठून राहतो, जीव घेण्याइतका. अर्थिंगची काठी लावून तो जमिनीत उतरवल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. कळलं?"

या माणसाला निष्काळजी म्हणता?

लॅबमध्ये मशीनभोवती जाळी आहे, तिच्या दाराचं इंटरलॉक बिघडलं होतं. दार उघडलं की सप्लाय तुटून चार्ज आपोआप उतरायला हवा. तसं होत नव्हतं. संदेशने माझ्यासमोर विभागप्रमुख सरांना सांगितलं. परत परत सांगितलं.

"पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू."

विभाग बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठिणगीचा डेमो होता. लॅब चकाचक केली. धोक्याच्या पाट्या आणि ती काठी स्टोअरमध्ये ठेवून दिली.
का? तर बरं दिसत नाही.

ऐनवेळी ठिणगी पडेना. ज्या दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ती पडते, त्यातला एक जाळीच्या आत जाऊन सरकवायला हवा होता. मी दाराकडे निघाले.

"थांब गं," संदेश म्हणाला. "सर, काठी कुठेय?"

"अरे, इंटरलॉक कालच दुरुस्त केलंय. पाहुणे गेटवर आलेत. जा पटकन!"

त्याने मला मागे सारलं.
"तू थांब. मी बघतो."

दुरुस्त वगैरे काहीही झालं नव्हतं.

त्यापुढचं मला लिहिता येत नाही.

मी चौकशी समितीला सगळं सांगितलं. रिपोर्टमध्ये त्यातला एक शब्द नाही. ‘संशोधकाचा वैयक्तिक निष्काळजीपणा.’ संपला विषय.
आणि मला विभागातून प्रेमाचा सल्ला: "तुझा व्हायवा बाकी आहे. भावनेच्या भरात काही बोलू नकोस."

गेल्या आठवड्यात मी तळवलीला जाऊन त्याच्या बाबांना सगळं खरं सांगितलं. ते खाडीत मासेमारी करतात.

आज विभागात त्याच्या फोटोला हार घातला. तेच सर माइकवर म्हणाले, "संदेश आमच्या कुटुंबातला होता."

समोरच बसलेले संदेशचे बाबा उभे राहिले.
"साहेब, माजा पोर काठी मांगत व्हता. तुमी का नाय दिली?"

सर पाणी प्यायले आणि खाली बसले.

मग मी उठले. माइक घेतला आणि त्या दिवशी कोण काय बोललं ते सरांसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं. तिथून बाबा आणि मी सरळ पोलीस स्टेशनला गेलो. माझा जबाब दिला, सही केली.

व्हायवा गेला खड्ड्यात.

संदेश, खूप आठवण येते रे. तुला मनापासून नमस्कार.